दारामागचा केर

धूळखाऊचा लाल दिवा लागला तेव्हा सकाळचे पावणेआठ वाजले होते. मुजावर-प्रभुदेसाई दवाखान्यात आरोग्य निरीक्षक धनश्री नेसरीकरशिवाय अजून कुणी आलं नव्हतं. सरकारी कुलपाला तिनं अंगठा लावला, दार आपसूक उघडलं, आणि नियमाप्रमाणे तिनं तीन ठिकाणची चिमूटभर धूळ यंत्राला खाऊ घातली: डॉक्टरांचं टेबल, पेशंट बसायचं बाकडं आणि दारामागचा कोपरा. पहिल्या दोन चिमटी पिवळ्या आल्या. तिसरीला यंत्र बराच वेळ गुरगुरत राहिलं आणि मग लाल झालं. चारशेच्या पुढे लाल धरतात. इथं आकडा होता दोन हजार नऊशे.

"बाई गं," धनश्री स्वतःशीच म्हणाली. तीन वर्षांच्या नोकरीत तिनं एवढा आकडा पाहिला नव्हता.

यंत्राचं कागदावरचं नाव धूलिवाचक. पण ते नाव घ्यायला जीभ वळत नाही म्हणून माळदरीच्या पंचक्रोशीत सगळे त्याला धूळखाऊ म्हणत. दिसायला जेवणाच्या चारखणी डब्याएवढं. माणूस जिथं उठतो-बसतो तिथं स्वतःला थोडाथोडा सांडत असतो. कातडीचा कोंडा, केसाचं टोक, शिंकेतले तुषार, खोकल्यातले कण. त्या प्रत्येक कणात त्या माणसाची जनुकं असतात आणि त्याच्या अंगात मुक्कामाला असलेल्या जंतूंचीही. पूर्वी ती वाचायला मोठी प्रयोगशाळा लागायची आणि आठवडा मोडायचा. धूळखाऊच्या पोटात केसाहून कितीतरी बारीक छिद्रांची एक चकती होती. जनुकाचा धागा त्या छिद्रातून ओवला जाताना विजेचा प्रवाह किंचित कमीजास्त होई, आणि त्या चढउतारावरून यंत्र पोथी वाचावी तसं जनुक वाची. वीस मिनिटांत कळे, या चिमटीत कोणते जंतू आहेत आणि त्यातले औषधाला दाद न देणारे किती. निरीक्षकाची स्वतःची धूळ मिसळून घोळ होऊ नये म्हणून त्याची जनुकं यंत्र ओळखून वगळत असे.

हे सगळं हौसेनं आलेलं नव्हतं. कुठल्याच जुन्या औषधाला न जुमानणारा क्षय दोन हिवाळे राज्यभर फिरला होता. लोक त्याला नुसतं 'हट्टी' म्हणत. तो दवाखान्यांच्या कोंदट खोल्यांतून पसरतो असं दिसल्यावर सुरक्षित दवाखाना कायदा झाला. हिरवा, पिवळा, लाल. लाल आला की चोवीस तासांत टाळं. ज्या अंगठ्यानं दार उघडायचं त्याच अंगठ्यानं ते बंद करायचं. यंत्राला नातंगोतं नसतं, म्हणून नातेवाइकांचे दवाखाने तपासू नयेत ही जुनी अटही काढून टाकली गेली. रस्त्यापलीकडेच धनश्रीच्या धाकट्या भावाचं, डॉक्टर रणधीर गावडेचं क्लिनिक होतं. गेल्या महिन्यात तिनंच तपासलं होतं. हिरवंगार.

आणि हे समोर लाल. धनश्रीला फारसं आश्चर्य वाटलं नाही. कौलारू छप्पर, चारी बाजूंनी सताड खिडक्या, ओसरीवर चपलांचा खच आणि काजू कारखान्यातल्या बायकांची ही झुंबड. या दवाखान्याचं आज ना उद्या असंच होणार होतं, असं तिला मनातून वाटे.

तेवढ्यात सुरेखामावशी आल्या. गेली बावीस वर्षं त्या इथं झाडलोट करत होत्या. ओसरीवर चप्पल काढून त्या आत आल्या, निरीक्षकबाई दारामागे वाकलेल्या दिसल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं बया! मॅडम, त्यो केर तेवढा ऱ्हायलाय. आत्ता टाकते बघा."

"कसला केर?"

मावशींनी कोपऱ्यातली पालथी सुपली उचलली. खाली नीट गोळा करून ठेवलेला ढीग होता. "कालचा हाय. आठाला शेवटचा पेशंट गेला, मग झाडून घेतलं. दिवं लागल्यावर केर भायेर टाकायचा असतो व्हय? लक्ष्मी जाती. सकाळी आले की पयला त्योच टाकते मी."

धनश्री उभीच राहिली. आधीच्या सगळ्या तपासण्या दुपारच्या होत्या. आज पहिल्यांदाच ती दार उघडायच्या आत आली होती. दारामागचा कोपरा नियमात कुणी घातला असेल ते तिला चांगलं ठाऊक होतं. राजधानीतल्या वातानुकूलित खोलीत बसून कुणीतरी ठरवलं होतं, की तिथं झाडू पोचत नाही. आपल्याकडे झाडू तिथंच मुक्कामाला असतो हे त्या शहाण्यांना कोण सांगणार? तिची स्वतःची आईसुद्धा दिवेलागणीनंतरचा केर दारामागेच ठेवायची.

साडेआठाला दोन्ही डॉक्टर आले. सत्तरी ओलांडलेले डॉक्टर प्रभुदेसाई चालत, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या डॉक्टर सलमा मुजावर स्कूटरवरून. काय झालं ते ऐकल्यावर प्रभुदेसाईंचा चेहरा आधी पडला आणि मग उजळला.

"म्हणजे सुटलोच की! कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा असं कलम आहे ना तुमच्यात? ते लिहा. केर टाकू, कोपरा पुसून घेऊ, पुन्हा नमुना घ्या. पिवळा येईल."

"कलम आहे, सर," धनश्री म्हणाली. "पण त्यात कर्मचाऱ्याची नोंद रद्द होते. मावशींना परत कुठल्याच दवाखान्यात काम करता येणार नाही."

प्रभुदेसाई जमिनीकडे पाहू लागले. "सुरेखा, आपण बघू गं काहीतरी तुझं…"

"लिवा की," मावशी म्हणाल्या. त्यांच्या हातात अजून सुपली होती. "माज्यापायी दवाखाना बंद पडाय नको."

"कुणी काही लिहायचं नाही." डॉक्टर मुजावरांनी हेल्मेट टेबलावर आदळलं. "सुरेखानं केलं काय? झाडलं. लोकांनी दिवसभर जे सांडलं ते एका जागी गोळा केलं. याला निष्काळजीपणा म्हणतात? " त्यांनी प्रभुदेसाईंकडे पाहिलं. "आणि दत्तूभाऊ, तुम्ही तरी! बावीस वर्षं ही बाई आपली ओकारी पुसतेय."

"सलमा, दवाखाना वाचवायचा आहे की नाही?"

"असा नाही वाचवायचा." त्या धनश्रीकडे वळल्या. "नेसरीकर मॅडम, हा केर नाही. ही माझी कालची ओपीडी आहे. एकसष्ट माणसं. तुमचं यंत्र त्यातली चिमूट खाऊन लाल होतं. चिमूट कशाला? सगळा ढीग घाला त्याच्या तोंडात."

"आकडा आणखी वाढेल, मॅडम."

"वाढू दे की. पण मग नुसता आकडा काढायचा नाही, पुरतं वाचायचं. कुठला जंतू कुणाचा, कुणाकडून कुणाकडे गेला. वाचता येतं ना तुमच्या डब्याला?"

येत होतं. त्याला साथशोध म्हणत. एरवी बंद असे, आणि तो सुरू करणाऱ्याला लेखी कारण द्यावं लागे. ते वरच्यांना पटलं नाही तर नोकरीवर बेतायचं. धनश्रीनं तो सुरू केला तो काही सत्याच्या ओढीनं नाही. तिला राग आला होता. तीन वर्षं ती इमानानं हे काम करत होती, आणि ही बाई तिच्या यंत्राला डबा म्हणत होती. होऊन जाऊ दे एकदा, हिचा तोरा तरी उतरेल, असं म्हणून तिनं अंगठा दाबला.

ढीग मोठा होता. चाळीस मिनिटं लागली. तोवर ओसरी भरली. धनश्री खिडकीतून पाहत होती. खोकणारं कुणी आलं की डॉक्टर मुजावर त्याला पहिला नंबर देत, आणि बाकीचे कुरकुर न करता सरकून जागा करत. बसायला सगळे ओसरीवर, आत एकावेळी एकच जण. खिडक्यांतून वारा आरपार वाहत होता.

"खोकणाऱ्याला आधी का घेता?" तिनं विचारलं.

"जितका कमी वेळ बसेल तितकं बाकीच्यांना बरं. यात कसली अक्कल लागते?" आणि त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या.

यंत्रानं काम संपवलं. पडद्यावर आकडे उतरले. माणसं एकसष्ट. त्यातली हट्टी क्षयाची नऊ. आणि त्याखाली एक ओळ, जी धनश्रीनं तीनदा वाचली. नऊ वंश, परस्परसंबंध नाही.

याचा अर्थ तिला प्रशिक्षणात शिकवला होता. जंतू एका माणसातून दुसऱ्यात गेला की वाढता वाढता त्याच्या जनुकांत बारीकसारीक बदल होतात, पण घराण्याची ओळख मोडत नाही. नाकाडोळ्यांवरून भावंडं ओळखावीत तशी त्यांची पिल्लावळ ओळखू येते. या दवाखान्यात एकानं दुसऱ्याला रोग दिला असता तर इथं जंतूंची भावंडं सापडली असती. नऊच्या नऊ परके निघाले. प्रत्येकानं आपला रोग बाहेरून आणला होता. धनश्रीनं मागच्या तीन वर्षांचे यंत्रात साठवलेले बारा नमुने काढून ताडून पाहिले. तिथंही तेच. हट्टी क्षय येत होता, पण या भिंतींच्या आत तो कुणाला चिकटला नव्हता.

यंत्रानं आकडा मोजला होता तो आजाऱ्यांचा. त्याला सगळे धोका समजत होते. तीसुद्धा.

ती यादी खाली सरकवू लागली. तेवढ्यात यंत्रानं टुणकन आवाज केला आणि एक चौकट पुढे आली.

व्यक्ती ३७. स्त्री, वय अंदाजे पासष्ट. हट्टी क्षय आहे. सूचना: या व्यक्तीची निम्मी जनुकं निरीक्षकाशी जुळतात, मातृवंश समान. वगळायची का?

खाली दोन बटणं होती. हो. नाही.

धनश्रीला बहीण नव्हती. मावशीही नव्हती. ती तिथंच बाकड्यावर बसली. काही वेळानं कुणीतरी पाण्याचा पेला हातात दिला. डॉक्टर मुजावर होत्या.

"काल माझी आई इथं आली होती?"

"मी पेशंटची नावं सांगत नाही. कुणाचीच, आणि कुणालाच." त्यांनी पेल्याकडे बोट दाखवलं. "पाणी प्या आधी."

धनश्रीनं 'नाही' दाबलं. यंत्र बगलेत मारलं आणि ती रस्ता ओलांडून गेली.

गावडे क्लिनिकच्या फाटकाबाहेर फणसाच्या झाडाखाली एक सिमेंटचं बाकडं होतं. त्यावर एक बाई तोंडाला पदर लावून खोकत होती. फाटकाच्या खांबावर मुठीएवढी पांढरी डबी. धनश्रीला ती आजवर दाराची घंटा वाटत होती. बाई खोकली तशी डबी बोलली, "डॉक्टर व्हिजिटला गेले आहेत. कृपया दुसरीकडे चौकशी करावी." बाई उठली, निमूटपणे रस्ता ओलांडून पलीकडच्या ओसरीवर गेली. तिला सवय असावी. आत रणधीरची गाडी उभी होती आणि खिडकीतून त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

धनश्रीनं बाकड्याच्या खाचेतली धूळ खरवडली आणि यंत्रात घातली. ती पुरती वाचून होईपर्यंत उन्हात उभी राहिली. बाकड्याचा आकडा सोळाशे. मुजावरांच्या केरातली अकरा माणसं इथं आधी बसून गेलेली. त्यांत व्यक्ती ३७.

"ताई? अगं, गेल्याच महिन्यात तर तपासणी झाली." रणधीर बाहेर आला. गळ्यात स्टेथोस्कोप, अंगावर इस्त्रीचा पांढरा कोट. बघताक्षणी तिला त्याचा अभिमान वाटायचा. आज वाटला नाही.

"ही डबी काय आहे?"

"कान आहे तो. खोकल्याचा आवाज ओळखतो." तो जरा ओशाळला, पण लगेच सावरला. "मी काही शोधून काढलेलं नाही. गावातल्या सगळ्यांनी बसवलंय. तुझ्या डब्याला घाबरून बसवलंय, ताई. एक हट्टी आत घेतला आणि लाल आलो, तर माझे चाळीस मधुमेहवाले, वीस गरोदर बायका रस्त्यावर येतात. त्यांचं काय करू?"

हे अगदीच खोटं नव्हतं. म्हणून तिचा आवाज आणखी चढला. "आईची थुंकी तपासलीस?"

"आईला ॲलर्जी आहे. काजूच्या धुराची. मी देतोय औषध."

"तपासलीस का, विचारतेय मी."

"तपासली की नाव नोंदलं जातं!" तो ओरडला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "आई वर राहते, खाली क्लिनिक. एकच जिना, एकच पत्ता. त्याच दिवशी मी लाल. टाळं लावायला कोण आलं असतं? तूच ना?"

तो म्हणत होता ते खरं होतं. धनश्री आलीच असती, अंगठा लावलाच असता, आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवलीही असती.

"भांडू नकासा." जिन्यावरून आवाज आला. सुनंदाबाई एकेक पायरी धरत खाली उतरत होत्या. तोंडावर मास्क होता. वीस वर्षं काजू फोडून बोटांची टोकं काळी पडली होती, ती आता कुठल्याच साबणाला दाद देत नव्हती. त्याच बोटांनी त्यांनी कठडा घट्ट धरला होता. "काल मी हितं फाटकावर आले हुते, रणधीर. आई म्हणून न्हाई, पेशंट म्हणून. बघू तर म्हटलं, ल्योक घेतोय का आत. तुजी डबी म्हणाली, डॉक्टर व्हिजिटला गेल्यात. आन् तू आत हसत हुतास. मला आयकू येत हुतं."

"आई, मला माहीत नव्हतं तू…"

"चार म्हयनं मी खोकला गिळतेय. उशीत तोंड घालून खोकायचं, न्हाईतर पोराचा दिवा बदलंल. मला काय झालंय ते मला कळू नको व्हय रं? तुज्या रंगासाठी?" त्यांना दम लागला. धनश्री पुढे झाली, पण आईनं हातानंच थांबवलं. "आन् तू गं. तुला तर मी सांगणारच नव्हते. तू इमानी हाईस. इमानानं टाळं लावलं असतंस."

एवढं बोलून त्या परत जिना चढून गेल्या.

त्या दिवशी धनश्री घरी गेली नाही. माळदरीत हिरवे दवाखाने एकूण सात. राहिलेल्या सहाही ठिकाणी ती गेली आणि दारातून आत पाऊलही टाकलं नाही. कुठं फाटकाबाहेरचा कट्टा, कुठं पानपट्टीशेजारचा दगड, कुठं बंद पडलेल्या रसवंतीचा ओटा. लोक जिथं ताटकळत होते तिथली धूळ तिनं घेतली आणि नियमाप्रमाणे नोंदवली. एका डॉक्टरांनी विनवण्या केल्या, एकानं साहेबांची ओळख काढली. एका कंपाउंडरनं तर तिच्या देखत बाकड्यावर बादलीभर पाणी ओतलं. तिनं बाकड्याच्या खालच्या अंगाची धूळ घेतली. संध्याकाळी पाचला तिनं सगळं वर पाठवलं. जिल्ह्याच्या नकाशावर माळदरी हिरव्याची लाल झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जिल्हा निरीक्षण अधिकारी बागेवाडी साहेबांची जीप मुजावर-प्रभुदेसाई दवाखान्यासमोर थांबली. ओसरीवर तीस-चाळीस माणसं होती. कुणी उठलं नाही. सुरेखामावशी झाडू घेऊन पायरीवर उभ्या होत्या, बाजूला व्हायचं काही लक्षण दिसत नव्हतं.

"नेसरीकर, हे काय मांडलंय?" साहेब उतरल्या उतरल्या म्हणाले. ते वाईट मनुष्य नव्हते. रात्रभर त्यांना वरून फोन येत होते. "अख्खा गाव लाल! नमुना दवाखान्याच्या आतला घ्यायचा असतो."

"पेशंट बसतो तिथला घ्यायचा असतो, साहेब. चौथा नियम. त्यांचे पेशंट बाहेर बसतात. आत घेतच नाहीत."

"बाई, शब्दांत पकडू नका. ते सात अहवाल मागे घ्या. या एकाला अंगठा लावा. मी वर सांगतो, नजरचुकीनं झालं. तुमच्या भावाचाही दवाखाना वाचेल. जरा विचार करा."

तिनं विचार केला होता. रणधीर रस्त्यापलीकडे फाटकात उभा होता. त्याच्या मुलीच्या बारशाला तिनं कानात नाव सांगितलं होतं. आजच्यानंतर त्या घरात तिला कुणी या म्हणेल की नाही, ठाऊक नव्हतं.

"अहवाल मागे घेणार नाही," ती म्हणाली. मग तिनं आवाज आणखी मोठा केला. "आणि इथं अंगठाही लावणार नाही. परवा इथं एकसष्ट माणसं आली, त्यात नऊ हट्टी. नऊपैकी एकाचाही रोग दुसऱ्याला लागलेला नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. हा जिल्ह्यातला सगळ्यात लाल दवाखाना आहे, आणि सगळ्यात सुरक्षित. बाकीचे हिरवे आहेत, कारण त्यांनी आजारी माणूस बघायचंच सोडून दिलंय. आपण सोडायला लावलंय. माझ्या हातून लावलंय."

ओसरीवर कुणीतरी खोकलं. वाऱ्यानं तो आवाज पलीकडे नेला असावा, कारण फाटकावरची डबी खणखणीत बोलली, "डॉक्टर व्हिजिटला गेले आहेत." आणि डॉक्टर फाटकात उभे. बायका खो खो हसल्या. रणधीरचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं मागे वळून डबी खांबावरून उपसून काढली. रागानं की लाजेनं, ते त्याचं त्यालाच माहीत.

बागेवाडींना हसू आलं नाही. "तुम्ही नाही लावला तर दुसरा निरीक्षक आणून लावीन."

"आणा. पण टाळं घालायला ज्याचा नमुना त्याचाच अंगठा लागतो. त्याला नव्यानं धूळ घ्यावी लागेल. आणि आता सगळं वाचल्याशिवाय इथली चिमूटसुद्धा कुणी नेणार नाही."

"न्हाईच नेऊ देनार," मावशी पायरीवरून म्हणाल्या.

साहेबांनी रुमालानं मान पुसली. "ओळखपत्र द्या इकडं. यंत्रही. चौकशी होईपर्यंत तुम्ही निलंबित आहात. उद्यापासून कामावर यायचं नाही."

धनश्रीनं गळ्यातलं ओळखपत्र काढून जीपच्या बॉनेटवर ठेवलं. शेजारी यंत्र ठेवलं. कित्येक दिवसांत तिला इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टर मुजावर दारात आल्या. साहेबांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. हातातल्या कागदावरून त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "सुनंदा गावडे!"

ओसरीच्या टोकाला बसलेल्या सुनंदाबाई उठल्या. भरल्या गावासमोर आपलं नाव या दवाखान्यात पुकारलं जातंय याची त्यांना आता काही पर्वा नव्हती. धनश्रीनं त्यांचा दंड धरला.

"तुम्हाला सांगितलेलं कळलं ना?" साहेब मागून म्हणाले. "उद्यापासून यायचं नाही."

"कामावर नाही येणार, साहेब," धनश्री वळून म्हणाली. "पण इथं येणार. हट्टीवरच्या नव्या गोळ्या रोज डॉक्टरांच्या समोर गिळायच्या असतात. सहा महिने, एक दिवसही चुकवायचा नाही. आज पहिला दिवस आहे. दुसरा निरीक्षक पाठवा, दहा पाठवा. रोज सकाळी दहाला आम्ही मायलेकी आत असू."

मग तिनं ओसरीवर चपला काढल्या आणि आईला घेऊन आत गेली.